ठरल्या दिवशी न निघणाऱ्यांचं कार्ड

"बोचकं आधीच निघालं म्हणलीस ना? मग पोचलं का नाय?"

माझे सासरे फर्दापूरहून, लेकीच्या घरून परत आले ते असं ओरडतच. सासूबाई चुलीपुढून उठल्याबी नाहीत. "बोचकं निघालं होतं. तुम्हालाच एसटीची घाई!"

मी तेव्हा नवी नवरी. दाराआड पदर तोंडात धरून हसले.

आमच्यात परस्थान ठेवतात. जायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी एखादं बोचकं शेजारी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस तेव्हाच निघाला असं धरायचं. सासऱ्यांनी बोचकं ठेवलं अन् जाताना उचलायचंच विसरले. लेकीच्या घरी जावयाच्या धोतरावर दिवस काढले.

हे सगळं आठवलं ते संस्कृतीमुळं. संस्कृती माझी धाकटी नात, वाळूजला कंपनीत इंजिनीअर. पोरगी लई चिकित्सक. भेंडीसुद्धा शेंडा मोडल्याशिवाय घेत नाय. तिनं प्रवासाचं क्रेडिट कार्ड काढायचं मनावर घेतलं अन् घरात दुसरा विषयच उरला नाय.

कारण होतं मेघाचं, तिच्या थोरल्या बहिणीचं. मेघा बंगळुरात, पहिलंच बाळंतपण. डॉक्टरीणबाईनं प्रवासाला नको म्हणलं, म्हणजे माहेरानंच तिकडं जायचं. मेघा फोनवर रडायची, "संस्कृते, बाळाच्या आधी आईला माझ्याजवळ पोचव."

संस्कृतीच्या कंपनीतला राजकुमार घरी आला की सांगायचा, "लाउंजवालं कार्ड घे. विमानतळावर सोफा, फुकट जेवण. काकू खुश होतील." पोरगी त्यालाच भुलली होती. पण तिकिटाआधी तिनं आईला, म्हंजे माझ्या सुनेला विचारलं, "आई, ठरल्या दिवशी नक्की निघशील ना?"

दिपाली म्हणली, "निघते की. अमावस्या, बुधवार अन् कुणाचं सुतक सोडून कधीबी."

"अन् बाळानं ऐकलं नाय तर?"

दिपालीनं कालनिर्णयाचं पान उलटलं.

संस्कृती माझ्याकडं वळली. "आज्जे, आपल्या घरातून ठरल्या दिवशी कोण निघालंय का कधी?"

मी लई आठवून पाहिलं. "तुझा बाप जन्मला तोबी उशिरानंच."

तिनं सोफ्याचा नाद सोडला. ज्या कार्डावर तिकिटाची तारीख बदलली तरी पैसे कापत नाहीत, ते घेतलं. त्यात फुकटचे पॉइंट कमी. राजकुमार हसला, "हे तर म्हाताऱ्यांचं कार्ड!"

"आमच्या घराचं आहे," ती म्हणली.

मायलेकींचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. अन् एका दुपारी मेघाच्या नवऱ्याचा फोन आला, मेघाला परवाच भरती करायचं. उद्याच्या विमानात जागा नव्हती. परवाची मिळाली. संस्कृतीनं ओट्यावर बसल्या बसल्या फोनवर तारीख बदलली, एक रुपया कापला नाय. तोंडावर केवढं हसू! तेवढ्यात दिपालीनं कालनिर्णय पाहिलं अन् डोळ्याला पदर लावला.

"आत्याबाई, परवा अमावस्या. लेकीच्या बाळंतपणाला अमावस्येला निघू?"

मी उठले. डिंकाच्या लाडवाची पिशवी उचलली अन् शेजारी केसरबाईच्या देव्हाऱ्याखाली ठेवून आले. "तू आजच निघालीस. आता रडू नको."

तिसऱ्या दिवशी पहाटे रिक्षा आली. सासऱ्यांची आठवण काढून मी दारात उभीच होते, पण संस्कृती आधी केसरबाईकडं पळाली अन् पिशवी छातीशी धरून आली. विमानतळावर साध्या खुर्चीत बसून मायलेकींनी घरचे धपाटे खाल्ले म्हणे.

संध्याकाळी फोन वाजला. दिपालीच बोलली, "मेघाजवळ बसलेय. हात सोडंना माझा." दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल. माझ्या जिवावरचं मोठं गाठोडं उतरलं.

कंपनीला सुट्टी नव्हती, म्हणून संस्कृती एकटीच परतली. परतीची तारीख तिनं पुन्हा एकदा बदलली, बुधवार होता ना. घरात आली, बॅग ठेवली, माझ्या पाया पडली. फोनमधलं बाळ दाखवलं. नाक आमचंच, बसकं.

मग रोजच्यासारखी खुंटीवरची किटली काढली अन् दूध आणायला गेली.