गोरिला छाती का बडवतो

एकट्याला टोळीनं तुडवताना तुम्ही कधी बघितलंय का? बघितलं असेल, तर तेव्हा तुमचे हात कुठं होते?

आमच्या पेठेतल्या विज्ञानाच्या बाईंचे कुठं होते, ते सांगतो.

वर्गात त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आदी शेपूट बघायचं. हाय, तर माकड. न्हाई, तर कपी." मग एकेक कपी त्या करूनच दाखवायच्या. गिबन सगळ्यांत लहान, झाडावर लोंबकळत गाणारा. त्यासाठी खिडकीचे गज धरायच्या. ओरांगउटान तांबूस केसांचा, एकलकोंडा. म्हणून कोपऱ्यात जाऊन बसायच्या. बोनोबो भांडण गळ्यात पडून मिटवतो. आणि गोरिला आला की पदर खोचून, तळवे ओंजळीसारखे वळवून छातीवर धपाधप मारायच्या. वर्ग हसून लोळायचा.

"हसताय काय? एवढं धूड, पण आदी छाती बडवतंय. म्हणतंय, माघारी जा बाबा, मला मारायला लावू नगंस."

चिंपांझी सांगताना मात्र त्या हसत नसत. हा हुशार, पण टोळीनं हद्दीवर फिरतो. शेजारच्या टोळीतला एकटा सापडला, की हातपाय धरून जीव जाईपर्यंत मारतो.

"आनि सहावा कपी कोन?" वर्ग एकमेकांकडं बघायचा. "आरशात बघा की."

गेल्या वर्षी मिरवणुकीत डॉल्बी कुणाची पुढं, यावरून दोन मंडळांचं वाजलं. पलीकडच्या पेठेतला एक पोरगा आमच्या चौकात एकटा सापडला. दोघांनी हात धरले, एकानं पाय. काठी, वीट, बूट. दात रस्त्यावर सांडले. गॅलऱ्यांतून मोबाईल निघाले.

बाई भाजी घेऊन येत होत्या. पिशवी टाकून त्या थेट पोरापुढं उभ्या राहिल्या आणि छाती बडवू लागल्या. धप, धप, धप. वरून कुणीतरी हसलं. मारणारे सगळे त्यांचेच विद्यार्थी. निम्मे जागेवर थांबले. त्यांना धडा आठवला होता.

काठीवाला म्हणाला, "बाई, सरका. त्यो आपल्यातला न्हाई."

"शेपूट हाय का त्याला?"

काठी उगारलेलीच होती. ती बाईंच्या डोक्यावर आली.

मी पोराला ओढून चौकातल्या माझ्या दुकानात घेतलं. त्याचा एक डोळा गेला, पण तो जगला. बाई गेल्या. डोकं फुटून पडल्या तरी तळवे तसेच वळलेले होते.

आता चौकात त्यांच्या श्रद्धांजलीचा फलक आहे. त्यावर सगळ्यांत मोठं नाव काठीवाल्याच्या मंडळाचं.

फुलं वाहू नका. टोळी पुन्हा एकट्याला धरेल, तेव्हा फोन चित्रणासाठी काढू नका, पोलिसांना लावा. मग शेजाऱ्यांना हाका मारा, सगळे मिळून मध्ये उभे राहा. छाती बडवायला एकट्या बाई पुरल्या नाहीत.