काळोख्याला मिळालेलं उत्तर

ड्रायव्हिंग स्कूलमधल्या बाईंना सगळे वचकून असत. रिव्हर्स घेताना शिकाऊ माणसाने आरशात बघितलं नाही, की बाई असा आवाज चढवत, की रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा आपसूक थांबत. पन्नाशी उलटली होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. अशा या बाई घरी गेल्या की चहाचा कप शेजारी ठेवून प्रेमकथा लिहितात, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

त्यातही प्रेम कुणाचं, तर कॉमिक्समधल्या महानायकांचं. विद्युल्लता आकाशातून उडते, काळोख्या अंधारातून चालतो, आणि दोघं मिळून दर अंकात शहर वाचवतात. पण शहर वाचवून झाल्यावर ही माणसं घरी जाऊन करतात काय? कॉमिक्सवाल्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मग ते काम बाईंनी अंगावर घेतलं. त्यांच्या गोष्टींत दोघांच्या खोल्या समोरासमोर होत्या. तिच्या अंगाचा उजेड दाराच्या फटीतून आत येई आणि याच्या झोपेचं खोबरं होई. याचा ओला काळा झगा जिन्याच्या कठड्यावर वाळत पडे आणि तिचं डोकं फिरे. या गोष्टी बाई इंटरनेटवर टाकत. चाहत्यांनी लिहिलेल्या अशा गोष्टी वाचणारे तिथे पुष्कळ असतात, आणि त्या सगळ्यांचा एकच धोशा होता: यांचं एकदाचं जमवा. पण बाई पक्क्या खट. दोघं जरा जवळ आली, की कुठेतरी धरण फुटे नाहीतर बँक लुटली जाई, आणि विद्युल्लता खिडकीतून पसार होई.

बाईंचं हे गुपित एकट्या मिस्तरीला ठाऊक होतं. हा स्कूलच्या गाड्या दुरुस्त करणारा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी. बाईंबरोबर डबा खाता खाता तो मोबाइलवर नवा भाग वाचायचा आणि शंका काढायचा.

"बाई, ही एवढ्या वेगानं उडते, मग हिचे केस कसे विस्कटत नाहीत?"

"तुम्ही गाडीचे ब्रेक बघा," बाई फटकारत. पुढच्या भागात मात्र विद्युल्लता न चुकता केस विंचरत बसलेली असे.

एकदा असाच डबा झाल्यावर, फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "आता या वयात फुलंबिलं काही जमायची नाहीत मला. पण आपण दोघांनी एका घरात राहायला काय हरकत आहे? लग्न करून म्हणतोय मी."

"विचार करून सांगते," एवढं पुटपुटून बाई गाडीत जाऊन बसल्या. त्या दिवशी शिकाऊ माणसाने गाडी फुटपाथवर चढवली तरी त्या हूं की चूं बोलल्या नाहीत. तोच बिचारा धास्तावला.

खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मिस्तरी त्यांना आवडत होता, चांगला आवडत होता. पण स्वतःचं काही ठरवायची वेळ आली, की विद्युल्लतेला पुढे करायचं, ही बाईंची खोड. त्या रविवारी त्यांनी काळोख्याला लग्नाचं विचारायला लावलं, तेही फुलांशिवाय. विद्युल्लतेने "हो" म्हणायला तोंड उघडलं मात्र, बाईच घाबरल्या. सवयीप्रमाणे त्यांनी नदीवरचा पूल पाडला. विद्युल्लता गेली उडून.

वाचकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. दुसऱ्या दिवसापासून मिस्तरी मात्र बाईंना "मॅडम" म्हणू लागला आणि डबा मालकांच्या केबिनमध्ये खाऊ लागला. बाईंना वाटलं, विचारून बसलाय म्हणून लाजत असेल. आणखी काही दिवसांनी मालक सहज म्हणाले, "मिस्तरी सोमवारपासून आपल्या दुसऱ्या शाखेत जातोय. इथे मन लागत नाही म्हणे."

बाई तडक गॅरेजमध्ये गेल्या. मिस्तरी गाडीखाली होता. बाहेर नुसते दोन बूट दिसत होते.

"मला न सांगता निघालात?"

"तुम्हाला विचारलं होतं, मॅडम. उत्तर मिळालं," गाडीखालून आवाज आला. "वाचलं मी. पुलाचं."

बाईंना आधी काही उमजेना, आणि उमजलं तशा त्या भडकल्या. "अहो, ती गोष्ट आहे! आणि विद्युल्लता काय, पूल पडला की जातेच. तिला काय कळतं?"

"तिचं राहू द्या. तुमचं काय?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कुठे काही कोसळत नव्हतं. शिकायला येणारं माणूसही अजून फिरकलं नव्हतं.

"मला तुमच्याबरोबर राहायचंय," बाई त्या मळक्या बुटांना म्हणाल्या. "लग्न करून. तुम्ही गेलात तर मी इथे जेवायचं कुणाबरोबर?"

बूट हलले नाहीत. बाईंना वाटलं, आपण फार उशीर केला.

"येतो बाहेर," खालून घोगरा आवाज आला. "जरा थांबा, बाई. डोळ्यांत ऑईल गेलंय."

बाईंनी कडक इस्त्रीच्या कपड्यांची पर्वा न करता त्या तेलकट फरशीवर बसकण मारली, आणि आपला रुमाल गाडीखाली सरकवला.