वांग्याचं बीपी

आमच्या शेजारच्या मारुतीआप्पांनी बत्तीस वर्षं निपाणीच्या तंबाखू बाजारात तोलारकी केली. माल शेतकऱ्याचा, काटा व्यापाऱ्याचा आणि मधे उभे आप्पा. वजन मोठ्यानं सांगायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या.

त्यांची एक खोड अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. पोतं चढवण्याआधी ते खाली वाकून काट्यावरचा सरकारी शिक्का बघत. मग रिकाम्या काट्यावर फुंकर मारून तो शून्यावर येतो का ते बघत. एकदा एका वखारीत शिक्क्याची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. आप्पांनी काट्यासमोर मांडी घातली. बाहेर ट्रॅक्टर खोळंबलेले, व्यापारी लालबुंद.

"माझा काटा खोटा म्हंतोस व्हय रं?"

"खोटा म्हणत न्हाय मालक. खरा हाय म्हणून दाखला मागतोय."

शिक्का मारणारा साहेब येईपर्यंत आप्पा हलले नाहीत. दोन चहा मात्र त्याच व्यापाऱ्याचे प्यायले.

असा हा माणूस गेल्या उन्हाळ्यात एका अ‍ॅपच्या नादाला लागला.

बीपीची रोजची एक गोळी त्यांना चार वर्षांपासून होती. ती गिळताना आप्पा असं तोंड करायचे, जणू त्यांच्या बायकोनं, बेबीआक्कांनी, ती मुद्दाम कारल्याची केली आहे. त्यातच मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर गल्लीतल्या उपेंद्रनं त्यांना फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, अर्ध्या मिनिटात बीपी हजर. तेही फुकट. वय, वजन, आजार, फोनमधले सगळे नंबर, जे जे मागितलं त्याला आप्पांनी 'हो' दाबलं. रोज सकाळी हिरवी खूण यायची, पडद्यावर फुलं पडायची. पाचव्या दिवशी आप्पांनी जाहीर केलं, "गोळी बंद!" त्याच दिवशी 'मारुतीराव यांचे हृदय निरोगी आहे, तुमचे?' असा निरोप दूधवाल्यापासून त्या जुन्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना आपोआप गेला. आप्पांना त्यातही मान वाटला.

बेबीआक्का माझ्याकडे आल्या त्या पदराला हात पुसत.

"रचना, गेलं चार दिवस डोकं धरून बसाय लागल्यात. काय बोललं की फोन दाखवत्यात."

त्यांची भीती मला ठाऊक होती. आप्पांच्या थोरल्या भावानं अशाच गोळ्या सोडल्या आणि अर्धं अंग लुळं पडलं. दोन वर्षं त्याला भरवलं ते आक्कांनीच.

मी गेले, तर आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर फोन घेऊन बसलेले. आक्का भरल्या वांग्यांची तयारी करत होत्या. मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात आक्कांनी डोळ्यानंच मला गप्प केलं.

"अवो, बाजारात माल चढवायच्या आधी काय करत हुता?"

"रिकामा काटा बघायचो. आता काय त्येचं?"

"मग ह्यो काटा रिकामा कवा बघितलासा?"

आप्पा हसले. "बघ की! भीती हाय काय कुणाची?"

आक्कांनी परडीतलं एक जांभळं, टपोरं वांगं उचललं आणि देठाकडची बाजू कॅमेऱ्यावर टेकवली. अर्धं मिनिट तिघंही त्या वांग्याकडे बघत राहिलो. मग टिंग वाजलं.

एकशे एकवीस, एकोणऐंशी. नाडी बहात्तर. हिरवी खूण, वर फुलांचा सडा. 'अभिनंदन! तुमचे हृदय निरोगी आहे.'

आप्पांनी वांगं हिसकावून स्वतः लावलं. पुन्हा फुलं. मग बटाटा. शेवटी त्यांनी वरवंटा उभा केला.

"वरवंट्याचं तर लईच झ्याक हाय," आक्का म्हणाल्या, "डोकं बी दुखत नसंल त्येचं."

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला. "रचना, खाली बारीक विंग्रजी हाय ते वाच बघू."

मी वाचलं. हे अ‍ॅप केवळ मनोरंजनासाठी आहे, उपचारासाठी यावर अवलंबून राहू नये. आणि तुम्ही दिलेली माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो.

"तरीच! परवा लसणाच्या गोळ्या इकणाऱ्या बाईचा फोन आलता. माझं वय, वजन समदं पाठ हुतं तिला." आप्पांनी मान वाकवून फोनची पाठ बघितली. "आणि ह्येच्यावर शिक्का कुणाचा हाय?"

"कुणाचाच दिसत नाही, आप्पा."

"म्हंजे काटा बाजारात मांडायचा आणि तळाला बारीक लिवायचं, ह्यो खेळण्यातला हाय म्हणून? आमच्या वखारीत असं कुणी केलं असतं तर..." मग खाली बघून म्हणाले, "शिक्का न बघता माल चढवला मी."

त्याच दुपारी आप्पांनी उपेंद्रला घरी बोलावून, बाजारातल्या आवाजात झापून, त्याच्याचकडून अ‍ॅपखाली तक्रार लिहून घेतली: 'तुमचा काटा वांग्याला पास करतो. दाखला दाखवा.' मिनिटाभरात उत्तर आलं: 'तुमच्या निरोगी प्रवासात सोबत असल्याचा आम्हाला आनंद आहे!'

संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधायला घेतला, तर आप्पांनी मशीनच उचलून उलटं केलं.

"डॉक्टर, शिक्का?"

"आप्पा, हे बीपीचं मशीन आहे हो."

"खोटं म्हणत न्हाय साहेब. खरं हाय म्हणून दाखला मागतोय."

खाली तपासणीची चिठ्ठी होती खरी, पण तारीख उलटून दोन महिने झालेले. डॉक्टरांनी कपाटातून दुसरं मशीन काढलं, त्यावरची तारीख आप्पांना दाखवली, आधी स्वतःच्या दंडाला लावलं, मग आक्कांच्या, मग आप्पांच्या.

एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार. यावेळी फुलं पडली नाहीत.

"अजून आठ दिवस असेच काढले असते, तर तुम्हाला उचलून आणावं लागलं असतं," डॉक्टर म्हणाले. आक्कांनी आप्पांची बाही खाली ओढून सारखी केली आणि ती बराच वेळ सारखीच करत राहिल्या.

रात्रीच्या जेवणाला भरली वांगी होती. मला आग्रहानं बसवलं होतं. आप्पांनी गोळीचं पाकीट उलटंपालटं करून तारीख वाचली, तीच कारल्याची मुद्रा केली आणि गोळी गिळली. मग ताटातल्या वांग्याकडे बघत कुरकुरले, "ह्येला बघ, एक गोळी न्हाय. आणि मला जलमभर."

"म्हणून तर ते ताटात हाय," आक्का भाकरी वाढत म्हणाल्या, "आणि तुमी पाटावर."