तण समजून उपटलेली फुलं

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर सांजेला मेथी निवडली. मी पानांसोबत काड्याही टाकत होतो. ती म्हणाली, "मेथी निवडून राहिले का ढोराचा चारा?" मी म्हणालो, "मी खाईन काड्या, बस." पहाटे तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. अकोल्याहून मुलगा आला. आम्ही तिला मसणात पोचवून आलो.

"बाबा, इथं एकटे काहून राहता? अकोल्याले चला," मुलगा म्हणाला. अशा गोष्टी आमच्यात ती ठरवायची.

अमरावतीत राहायचं हेही तिनंच ठरवलं, तेही न ठरवता. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या आदल्या साली आम्ही नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यातून इथं आलो. कापसाच्या जिनात मला कोणी कामाला घेतलं नाही. शहराच्या मधोमध इंग्रजांच्या वेळची बाग, तिथं जाऊन बसलो. गावात आम्हाला कोणी ओट्यावर टेकू देत नसे. इथं बाकावर कोणीही बसे, जात कोणी विचारत नसे. तरी आम्ही खालीच बसलो, वाफ्याच्या कडेला. सवयच तशी. मी तिला सांगत होतो, आता गावाला परत जावं लागेल, दुसरा इलाज नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. जन्म निंदणात गेलेला, बसली की हात मातीत. माझं बोलणं संपलं तोवर अर्धा वाफा साफ!

"ओ बाई! काय करून राहिली?" म्हातारा माळी धावत आला. "इंग्रजी फुलाची रोपं होती ते!"

मला वाटलं, आता पोलीस. ती जागची उठली नाही. "मंग तसं सांगा ना, भाऊ. ना फूल, ना कळी. म्या तण समजली."

माळ्यानं उपटलेली रोपं उचलून पाहिली. मुळं सगळी शाबूत. त्याला हसू फुटलं. "हात तर चांगला हाये तुहा. आता तूच लाव परत. जगले तर कामाले ये. नाही तर तोंड दाखवू नको."

तिनं लावली, मी पाणी आणलं. जगली. सगळी नाही, पण मेलेल्यांकडे त्यानं पाहिलं नाही, हे त्याचे उपकार. ती रोजावर लागली, पुढं त्याच्याच शब्दावर मीही लागलो. पोरगा शिकला तो त्या बागेच्या जिवावर. देवबिव मी मानत नाही. पण त्या म्हाताऱ्याला, त्या बागेला आणि तिच्या स्वस्थ न बसणाऱ्या हातांना मी मनात हात जोडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा माझे कपडे गाठोड्यात बांधत होता.

"सोड ते," मी म्हणालो. "तुह्या मायनं मले इथं ठेवलं. मी इथंच राहीन."

"आन जेवाचं काय?"

"शिकीन."

तो रडता रडता हसला. मी गाठोडं सोडलं, धोतर खुंटीला टांगलं आणि बादली घेऊन नळावर गेलो.