बीम संपायच्या आत

उद्या नावाच्या गोष्टीवर माझ्या बायकोच्या मामांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या भिवंडीत दुसरा झाला नाही, आणि या बाबतीत मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवारसुद्धा त्यांच्यापुढे संशयी वाटावा. शहात्तर-सत्याहत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा कचेरीत कारकून होतो आणि स्वभावाने पक्का रडका. सकाळचा चहा उतू गेला की माझा सगळा दिवस वाया जायचा. कामतघरच्या आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून मामा-मामी राहायचे. मामा सहासष्ट वर्षांचे, मूलबाळ नाही, मूळ गाव पडघ्याच्या पलीकडचं. माझं तोंड पडलेलं दिसलं की मामा ओट्यावरूनच विचारायचे, "काय जावाय, आज कोन मेला?"

मामांचं काम लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात तारा, म्हणजे सुताचे धागे जोडण्याचं. लूमच्या पाठीमागे सूत गच्च गुंडाळलेला लांब रूळ असतो, तो बीम. तो संपत आला की नव्या बीमची एकेक तार जुन्या तारेला गाठ मारून जोडायची. हजारो गाठी, तेही मान मोडेपर्यंत बसून. त्यातली मेख एवढीच की जुना बीम पुरता संपू द्यायचा नाही. तो संपला की तारा फणीतून निसटतात, आणि मग बसा सगळ्या पुन्हा ओवत. मामा जरा लवकरच येऊन बसायचे. विणकर ओरडायचा, "चाचा, अभी तो बहुत बाकी है!" मामा शांतपणे म्हणायचे, "बाकी है, तभी तो जोडना है."

हे कारखान्यात ठीक होतं हो, पण मामांनी तो नियम घरी आणला. साठी लागली त्या वर्षी, पाय ठणठणीत असताना, त्यांनी काठी विकत घेतली. रोज ती काखेत मारून ड्युटीला जायचे. टेकायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वळख हुंदे एकमेकांची. गरज पडल्यावर नवखी नको." डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तसे घरी डोळे गच्च मिटून सुताला गाठी मारायला लागले. बोटांना आत्ताच शिकवून ठेवतो म्हणाले. एका अंधाऱ्या संध्याकाळी या शिकवणीत त्यांनी मामींच्या पदराचा धागा खिडकीच्या गजाला बांधला, आणि मामी चहा गाळायला उठल्या त्या गजासकट उठायच्या राहिल्या. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर तर दिवाळीतच भिंतीवर यायचं, तेही चालू कॅलेंडरच्या डोक्यावर. मामींना वाचता येत नसे. शेजारणीने वरचं पान पाहून सांगितलं आणि मामींनी कार्तिकात कडकडीत एकादशी केली ती पुढच्या जानेवारीतली. कळल्यावर त्यांनी मामांना जे धारेवर धरलं ते चाळीने दारात उभं राहून ऐकलं. "अवो, औंदाची एकादशी तरी करू द्या मला! फुडच्या सालापर्यंत मी ऱ्हाते का जाते कुनाला ठावं?"

पुढच्या भाद्रपदात मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि मामी म्हणायच्या की देवाने नेमकं कामाचं तेच ठेवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता या उठायच्या नाहीत, आणि दुसरा झटका आला तर काही खरं नाही. ते ऐकून माझी बायको रडली ती मामींसाठी कमी आणि मामांसाठी जास्त. ज्या माणसाने उभ्या जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो मामींच्या मागे आठ दिवस तरी कसा काढेल? आम्हा दोघांच्या डोक्यात तेव्हापासून हाच घोर.

मामांना हे सांगायची माझी हिंमत होईना. ते तर दुसऱ्याच आठवड्यात मामींसाठी नव्या चपला घेऊन आले आणि खाटेसमोरच्या खिळ्याला टांगल्या. "पाय चालाया लागल्यावर चपलांसाठी खोळंबा नको. चैताच्या जत्रेला गनेशपुरीला जायचं. गरम कुंडात चार डुबक्या मारल्या का पाय मोकळा." मामी चपलांकडे बघून म्हणाल्या, "एक माप मोठ्या आनल्यात." "बऱ्या झाल्यावर पाय भरंल ना तुझा!" मामा म्हणाले.

स्वयंपाकाला आम्ही होतो, पण मामींनी साफ नकार दिला. खाटेवरून त्यांनी मामांना स्टोव्हपाशी बसवलं. मामांची पहिली तांदळाची भाकरी तव्यावर पडली तेव्हा तिला चार कोपरे होते. खाटेवरून आवाज यायचा, "पानी उकाळल्याबिगर पीठ टाकू नका. किती येळा सांगू?" वरण, कालवण, सुकट, रोज एक धडा. मामा घामाघूम होऊन मला म्हणायचे, "तात्पुरतं हाय जावाय. ही उठली का मी सुटलो." मामी भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, "हां. मी उठंपर्यंत."

चैत्र आला आणि गेला, मामींना खाटेवर उठून बसवेना. मामांनी जत्रा पुढच्या चैत्रावर ढकलली. मला राहवलं नाही. मामांना ओट्यावर गाठून मी चिडूनच म्हणालो, "मामा, किती फसवाल स्वतःला?" त्यांनी काखेतली काठी काढून मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "मला काय दिसत न्हाय व्हय? डोळं अजून पुरतं गेलं न्हाईत. पन जावाय, तिच्याफुडं कोनीतरी उद्याचं बोलाया नको?" मला स्वतःचीच लाज वाटली.

वैशाखात मामींनी मामांकडून वर्षाचा मसाला करून घेतला. डाव्या हाताने मिरच्या निवडल्या, धणे किती, हळकुंडं किती ते खाटेवरूनच सांगितलं. मामांनी सगळं डंकावर कुटून आणलं आणि बरणीत भरलं. आषाढातल्या एका दुपारी मामी गेल्या. लाइट गेली होती, लूम बंद होते, आणि मामा भाताचं पाणी मोजत होते.

तेराव्यापर्यंत माणसं होती. चौदाव्या दिवशी बायको ताट झाकून घेऊन निघाली, मीही मागे गेलो. बघतो तर मामा स्टोव्हपुढे बसलेले, कालवणाला उकळी आलेली आणि ताटात भाकरी, चांगली गोल. आम्हाला बघून त्यांनी फळीवरची मसाल्याची बरणी खाली घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"ही बगा. दर साल गळ्यापर्यंत भरते. औंदा तिनं मिरच्या निम्म्याच घेतल्या. मी म्हनलं, इसरली आसंल आजारपनात. आज कालवनात टाकताना ध्येनात आलं." त्यांनी बरणीचं झाकण दाबून बसवलं. "येका मानसाचा मसाला करवून घेतला तिनं माझ्याकडून. मी तिच्यासाठी चपला टांगून बसलो, आनि तिनं सगळा बीम जोडून ठेवला. मला गाठसुदीक दिसली न्हाय." बायकोने ताट खाली ठेवलं आणि आम्ही तिघंही रडलो. मग मामा म्हणाले, "बसा. कालवन निवंल." कालवण हुबेहूब मामींच्या हातचं होतं.

आम्हाला आठ दिवसांचा घोर होता, मामा आणखी नऊ वर्षं जगले. पुढच्या वैशाखात मी गेलो तर ओट्यावर मिरच्या वाळत घातलेल्या आणि मामा काठीने चिमण्या हाकत बसलेले. काठी शेवटी कामाला आली होती. जुनी बरणी शेजारी होती, तिच्या तळाशी चारेक चमचे मसाला उरलेला. मी म्हटलं, "मामा, हा संपवून बरणी धुऊन घ्या की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून काहीच शिकलो नाही. मसाला कुटून आला तसा त्यांनी तो त्या उरलेल्यावरच ओतला. नऊही वर्षं त्यांनी असंच केलं, बरणी एकदाही रिकामी होऊ दिली नाही.

आज मीही सहासष्ट वर्षांचा झालो आहे आणि मामांची बरणी आमच्या फळीवर आहे. तिच्या तळाशी मामींचा मसाला चिमूटभर तरी असेलच, असं बायको म्हणते. मी रडका माणूस, पूर्वी यावर वाद घातला असता. आता वैशाख लागला की मी मुकाट्याने मिरच्या आणायला जातो.