दाखवायचा साबण, वापरायचा साबण

दिवाळीच्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ गावी, शेंद्र्याला घरी आला होता. तेव्हाच रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. पंधराएक दिवसांनी त्याची काळी पत्र्याची पेटी आली. शहरातल्या सैनिकी प्रशिक्षणशाळेत तो दीड वर्ष राहिला होता. तिथल्या सोबत्यांनी ती भरून पाठवली होती.

आई एकेक वस्तू नाकाशी नेऊ लागली. टॉवेलला नव्या कापडाचा वास होता, घडीत पुठ्ठा घालून तो चौकोनी केलेला. साबणाच्या वडीवरची अक्षरं शाबूत. ब्रश कोरडा. बुटांच्या तळव्यांना मातीचा कण नाही.

"ह्यातलं एक बी त्याचं वाटत नाय," आई म्हणाली. "मला त्यानं वापरलेलं काहीतरी पाहिजे."

मला दुःखाइतकंच कुतूहलही वाटलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली. दीड वर्षात माणसाने साबण भिजवलाच नाही?

रविवारी भेटीच्या वेळेत आम्ही दोघी तिथे गेलो. भावाच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा आम्हाला खोलीत घेऊन गेला. आठ खाटा होत्या. आठही कांबळ्यांच्या कडा एका ओळीत. ही ओळ कशी साधता, असं मी विचारलं, तर त्याने खिशातून दोरा काढून दाखवला.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत धरायचा, ताई. तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच खाटा लावतो आणि खाली सतरंजीवर झोपतो. मोडायला नको."

"आणि साबण?"

तो ओशाळून हसला. "प्रत्येकाचे दोन असतात. एक दाखवायचा, एक वापरायचा. टॉवेल, ब्रश, बूट, सगळंच तसं. वापरायचं सामान तपासणीच्या दिवशी पोत्यात बसून गच्चीवर फिरायला जातं. आजही तपासणी झाली, म्हणून अजून तिथंच आहे. साहेबांना वाटतं, आम्ही अंघोळच करत नाही."

"मग पेटीत..."

"दाखवायचं भरलं. चांगलं तेच पाठवावं वाटलं. बूट तर दोनदा पॉलिश केले."

"त्यानं वापरलेलं काय हाय का?" आईने विचारलं. तो गच्चीवर धावला आणि पोतं घेऊन आला. त्यात आठ जणांचं सामान एकत्र होतं, पण त्याला शोधावं लागलं नाही. आधी अंगठ्याला तार बांधलेली चप्पल काढली. मग साबणाची एक चकती, नखाएवढी पातळ.

"नवी वडी काढायला लई जिवावर यायचं त्याच्या. आम्ही म्हणायचो, बाबा, आता हातच दिसतोय, साबण कुठाय?"

आईने चकती पदराच्या टोकात बांधली. तिचं काम झालं असं समजून मी उठले. तो मुलगा मात्र तिथेच उभा होता. मग त्याने आपल्या गादीखालून एक कांबळं ओढून काढलं.

"हे पण त्याचंच, मावशी. तो गेल्यापासून मीच पांघरतोय. धुतलेलं नाही."

आईने ते दोन्ही हातांनी चेहऱ्याशी धरलं. बराच वेळ. बाहेर कुणीतरी जेवणाची शिट्टी वाजवली, तरी तो मुलगा हलला नाही.

"तुझं स्वतःचं कुठंय?" आईने विचारलं.

"ते खाटेवर लावलंय. दाखवायचं."

आईने कांबळ्याची घडी केली, आमची घरची, साधी, आणि त्याच्या हातात दिली.

"थंडी हाय. शिक्षण संपलं की घरी आणून दे. तवर धुवू नको."

"व्हय," तो म्हणाला.