पडदेवाल्या पटलेकाकांचा गेम

चहाला चार जण बसले की कोणीतरी म्हणतंच, "तो लुगड्याचा किस्सा सांग ना!" एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो. आम्ही उभ्या आयुष्यात एकच गेम पूर्ण केला, किस्से मात्र दहा गेमचे जमले!

तेव्हा मी आमगावात कॉम्प्युटर क्लास चालवायची. डोक्यात किडा शिरला होता की हाताने रंगवलेला व्हिडिओ गेम करायचा. आमच्याच गल्लीत पटलेकाका राहायचे. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांची हयात गेली. मग छापील फ्लेक्स आलं आणि नाटक मंडळं काकांकडे यायची बंद झाली. "मीच सोडलं," असं ते सगळ्यांना सांगत. रोज सकाळी ब्रश धुऊन वाळत मात्र घालत. न वापरलेले ब्रश! मला ते बघवत नव्हतं. म्हणून गेमची चित्रं मी त्यांनाच मागितली. काकांचं काम पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे यावं, एवढंच मनात होतं.

गेम साधा. एक बाई डोक्यावर शिदोरी घेऊन, धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून, म्हणजे भातखाचरांच्या अरुंद बांधांवरून, तोल सांभाळत नवऱ्यापर्यंत पोहोचते. बस!

*

मी म्हटलं, "काका, वहीच्या पानाएवढं चित्र काढा. स्कॅन करता येईल."

आठवड्याने काकांनी अंगणात वीस फुटांचं कापड उलगडलं. "लहान काढलं त मागच्या रांगेले का दिसन?"

"अहो, याला मागची रांगच नसते!"

"मंग नाटक पडलं म्हणायचं."

शेवटी पडदा दोरीवर टांगला आणि शेजाऱ्यांच्या स्लॅबवरून आठ फोटो काढले. वारा सुटला होता, दर फोटोत डोंगर वेगळा फुगलेला. मी वैतागून आठही एकामागोमाग चालवले, तर डोंगर श्वास घ्यायला लागले! पुढे एका इंजिनिअर पोराने विचारलं, "मॅडम, हा इफेक्ट कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केला?"

काकू तिथेच होत्या. म्हणाल्या, "दोन चिमटे कमी पडले, बापू."

*

आता लुगड्याचा. चालणं दाखवायला एकाच बाईची बारा चित्रं लागतात, प्रत्येकात पाय थोडा पुढे. त्याला फ्रेम म्हणतात. काकांना हे पटकन समजलं. पाय असे काढले की काय सांगू! स्क्रीनवर चालवलं तर बाई लग्नाच्या लाइटिंगसारखी लुकलुकायला लागली. बारा फ्रेम, बारा रंगांची लुगडी!

"काका, लुगडं काऊन बदललं?"

"हिरोईन दर एन्ट्रीले लुगडं बदलवतेच!"

"ही एकच एन्ट्री आहे! एका सेकंदाची!"

काकांनी ब्रश पुन्हा ओला केला. मग बाराच्या बारा पुन्हा रंगवली. तेव्हापासून धसकाच घेतला त्यांनी. कोणतंही चित्र सांगितलं की चष्मा सारखा करून आधी विचारायचे, "किती फ्रेम?"

*

प्रत्येक पडद्याची खालची हातभर पट्टी कोरी! बाई चालणार कुठून?

"खाली कायले रंगवू? तिथं पेटी-तबलेवाले बसतेत. रंग वाया जाते."

"गेममध्ये पेटीवाला नाही, काका!"

"मंग संगीत कोण देऊन राहिला?"

कुरकुर करत सगळ्या पट्ट्या रंगवल्या त्यांनी. शेवटच्या पडद्याला मात्र हातच लावला नाही. तिथे आमची बाई सरळ हवेतून चालत जाते. कोणी विचारलं तर मी सांगायची, "एक्स्पेरिमेंटल आहे!"

*

गेम खेळून चुका काढायला घरच्याच होत्या, काकू. पहिल्याच धुऱ्यावरून बाई घसरली, चिखलात पडली आणि स्क्रीनवर आलं, 'खेळ खल्लास'.

"मेली?" काकूंनी विचारलं.

"हो. अजून दोन जीव आहेत तिला."

"चिखलात पडून कोणी मरते का वं? धानाच्या रोवणीत आमी दिवसातून दहा खेपा पडतो. उठव तिले!"

उठवली. आता बाई पडली की बोअरिंगच्या पंपावर पाय धुते आणि पुन्हा निघते. आमच्या गेममध्ये कोणी मरतच नाही. ते श्रेय काकूंचं.

*

एकदा मात्र आमचं खरंच बिनसलं. काकांनी बाईच्या प्रत्येक फ्रेममध्ये, पायाशी, आपली सही केली होती. बाई निघाली की सही तिच्यामागे तुरुतुरु पळायची! मी ती कॉम्प्युटरवर पुसून टाकली, पडद्यांवरच्याही काढल्या. न विचारता. चूक माझीच होती.

काका चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी मीच गेले. म्हणाले, "पडदे त गेलेच होते, पोरी. आता नावबी गेलं. कोणाले समजन, कोणाचा हात हाय थे?"

मला रडूच आलं. गेमच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात, तिथे त्यांचं नाव मोठं टाकते म्हटलं, तर म्हणाले, "तोपर्यंत लोक उठून जातेत." तरी कामाला आले ते; गेम मात्र सहीशिवायच पूर्ण झाला.

*

पुढे गोंदियात एका हॉलमध्ये हौशी मंडळींच्या कामांचं प्रदर्शन होतं. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. काका इस्त्रीचा सदरा घालून माझ्या मागे बसले. दुपारपर्यंत पोरं यायची, दोनदा चिखलात पडायची आणि शेजारच्या गाड्यांच्या रेसकडे पळायची. काका दर वेळी उठून बघायचे आणि परत बसायचे. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

तेवढ्यात नातीचं बोट धरून एक धोतरवाले म्हातारे आले. सडक अर्जुनीकडच्या एका नाटक मंडळाचे मॅनेजर, हे मला नंतर कळलं. नात खेळत होती, ते नुसतेच उभे होते. पोरगी पडत, पाय धूत, शेवटच्या पडद्यावर पोहोचली आणि बाई हवेतून चालायला लागली.

म्हातारे एकदम वाकले. स्क्रीनवरच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून ओरडले, "अरे, ही त पेटीवाल्याची जागा! अशी कोरी फक्त पटलेच सोडते! हा पटलेचा पडदा हाय! कुठं हाय पटले?"

काका हळूच उभे राहिले.

"जित्ता हायेस ना बे! मले सांगतलं, तू काम सोडलं! त्या फ्लेक्सवर लाइट पडला का असा चमकते, नटाचं तोंडच दिसत नाही. या सीझनले मले नवा पडदा पाहिजेन. जंगलाचा. रंगवतं का नाही, बोल!"

काकांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, चष्मा सारखा केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"किती फ्रेम?"